चातुर्मासात न उघडायचा खड्डा

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी शेजाऱ्यांच्या बादल्या वाचत होते. सकाळी दारात उभी राहिले की घंटागाडी येण्याआधी कोणाच्या ओट्यावर काय ठेवलंय, तिकडे नजर जायचीच. समोरच्या घरी मोसंबीच्या साली वाढल्या, म्हणजे कोणीतरी अंथरुणाला आहे. कोपऱ्यावरच्या घरी तीन दिवस नुसता चहाचा चोथा, म्हणजे बाई माहेरी गेली आणि पुरुषमाणूस बाहेर जेवतोय. एकदा न राहवून समोरच्या सुनेला विचारलं, "सासूबाईंना आता बरं आहे का?" ती चपापली. "तुम्हाला कोणी सांगितलं?" आता तिला काय सांगू, तुझ्या बादलीने सांगितलं म्हणून! कामावर असताना मी असं कधीच विचारलं नसतं. माझी मुलगी म्हणाली, "आई, पुरे आता. तू रिटायर झालीस." मग मी सकाळी मागच्या दाराशी बसायला लागले.

दिवाळी अंकात कचऱ्याबद्दल कोण वाचणार, असं आधी वाटलं होतं. शेजारी चकलीचं ताट आणि अंकात माझी ओल्या कचऱ्याची बादली! पण फराळ झाल्यावर जे उरतं ते कुठे जातं, हेही कोणीतरी सांगायला हवं. शिवाय मला एक गोष्ट सांगायचीच आहे, आणि ती जिला सांगायची होती ती बाई आता नाही.

माझं नाव विमल. माहेर असोद्याचं, सासर जळगावचं. दहावी पास आहे. ढकलगाडीमागे मला बघून कोणाला ते खरं वाटत नसे, म्हणून मीही सांगत बसत नसे. आमच्या बायकांच्या गटाला एका कॉलनीतला ओला कचरा गोळा करून तिथल्या तिथेच त्याचं खत करायचं काम मिळालं होतं. माझ्या जोडीला सिंधू. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघीण. सुका कचरा घंटागाडी न्यायची, ओला आम्ही. सकाळी सातला "ओला कचराऽऽ" अशी आरोळी दिली की दारं उघडायची. सिंधूची आरोळी इतकी खणखणीत होती की दोन गल्ल्या पलीकडचे लोक घड्याळ न बघता पोरांना शाळेसाठी उठवायचे.

कॉलनीच्या मधोमध मोकळी जागा होती. तिला सगळे ओपन स्पेस म्हणत. तिथे रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत, विटांचे चार खड्डे बांधले होते, कमरेइतके खोल, वर पत्रा. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळलेला पाला, त्यावर शेणकाला, मग घराघरातला ओला कचरा, पुन्हा पाला. सगळं थोडं मुरलं की त्यात गांडुळं सोडायची. पुढचं काम त्यांचं. आपण फक्त त्यांना उन्हापासून जपायचं आणि ओल राखायची. आतलं मूठभर घेऊन दाबलं तर पाणी गळता कामा नये, आणि मूठ उघडली तर त्याचा लाडू राहिला पाहिजे. हे मला शिकवणाऱ्या बाईंनी एकदाच सांगितलं आणि ते हातात बसून गेलं. अजूनही भाकरीचं पीठ मळताना मी तसंच दाबून बघते.

गांडुळांचे लाडही फार. केळीची साल त्यांना सगळ्यात प्रिय, आणि आमच्याकडे तिला काय तोटा! रावेर-फैजपूरकडून पाहुणा आला की हातात केळी असतातच. लिंबू, मिरची त्यांना चालत नाही. लोणच्याचा खार पडला तर मरून जातात. अखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आमरसाच्या कोयांनी गाडी इतकी भरायची की चढावर दोघींनाही रेटा द्यावा लागे. हिवाळ्यात भरताच्या वांग्यांच्या जळक्या साली यायच्या. त्या दिवसांत सगळ्या बादल्यांना धुराचा वास असायचा आणि सकाळी सकाळी आम्हाला भूक लागायची. मे महिन्यात मात्र जीव टांगणीला लागे. दिवसातून तीनदा गोणपाटं भिजवून खड्ड्यांवर टाकायची. सिंधू म्हणायची, "मना नवराले मी इतलं जपनू नही, जितलं या किडास्ले जपी ऱ्हायनू!"

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एक निवृत्त मास्तर होते. आंबे चोखायला त्यांनी कवळी काढून पेपरवर ठेवली आणि सुनेने पेपरासकट कोया बादलीत ओतल्या. दुपारी मास्तर खड्ड्याशी आले, तोंडावर रुमाल धरून. "विमलबाई, माझे दात." दोन दिवस आम्ही शोधले, सापडले नाहीत. पुढे पावसाळ्यानंतर खत चाळताना चाळणीत खडखड झालं. बघते तर कवळी, गांडुळांनी अगदी चाटूनपुसून स्वच्छ केलेली. तोवर मास्तरांनी नवी करून घेतली होती. पण त्यांनी जुनीही नेली, म्हणाले, "नवी जरा टोचते." त्यानंतर मास्तर माझ्याकडे बघून हसले की मला कसंतरीच व्हायचं, आज कोणती घातली असेल या विचाराने.

आणखी एका घरची गोष्ट. घर शुद्ध शाकाहारी, सासू कडक. सून पोटुशी होती. एका सकाळी तिच्या बादलीत तळाशी, कोथिंबिरीच्या काड्यांत गुंडाळलेली अंड्याची टरफलं निघाली. डॉक्टरांनी सांगितलं असणार. मी वर बघितलं तर ती दाराआड उभी, चेहरा पांढराफटक. मी त्यावर ओंजळभर पाला टाकला आणि म्हटलं, "खताला चांगली असतात." एवढंच. आमच्या कामाचा पहिला नियम हाच की बादलीतलं बाहेर बोलायचं नाही. तो मी पाळला. पण पुढे जे सांगणार आहे ते कोणाच्या बादलीतलं नाही, माझंच आहे.

त्या कॉलनीत एक गल्ली मारवाडी जैनांची होती. सात घरं, कापड आणि धान्याचे व्यापारी. त्यांच्यात सगळ्यात वडील होत्या मांजी. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, डोक्यावर पांढरा पदर. त्यांचा मोठा मुलगा कॉलनीच्या कमिटीचा अध्यक्ष. कमिटीने जागा देतानाच सांगितलं होतं की सगळी घरं कचरा देत असतील तरच हे चालू द्यायचं, निम्म्यांसाठी खड्डे नकोत. बाकी सगळी घरं तयार झाली. मारवाडी गल्लीतून मात्र एकही बादली बाहेर येईना. मांजी देत नाहीत म्हणून बाकीच्या सहाही देत नाहीत. त्यांचा ओला कचरा गायीला जायचा. खड्डे राहायचे तर मांजींना विचारायलाच हवं होतं.

मी गेले. त्या व्हरांड्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मला पायरीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "विमल, एक बात सांग. त्या खड्ड्यात जीव पडतात ना?"

"पडत नाहीत मांजी, आम्हीच सोडतो," मी म्हणून बसले आणि जीभ चावली.

"सोडता? आणि मग वरून फावडं मारता?" त्यांनी माळ मांडीवर ठेवली. "आमच्या रसोईतलं देऊन आधी त्यांना खाऊ घालायचं, आणि मग मारायचं. हे मी करू?"

आम्ही फावडं मारत होतो हे खरंच होतं. त्यात गांडुळं मरतात का, हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, "मांजी, उद्या या. तुमच्यासमोर खत काढते. एकही मेलं तर परत विचारायला येणार नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण असं खत मी कधी काढलंच नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की वरून पाणी तोडलं की वरचा थर वाळतो आणि गांडुळं ओलीच्या ओढीने आपोआप खाली जातात. आमच्या एका खड्ड्याला नळ बंद असल्यामुळे चार दिवस पाणी नव्हतं. तोच उघडायचं ठरवलं. सकाळी मांजी सुनेचा हात धरून आल्या आणि विटांच्या कठड्यावर बसल्या. मी गोणपाट बाजूला केलं, उजेड आत पडला, आणि जी चार-दोन वर होती तीही सरसर खाली निघून गेली. मग मी हाताने वरचं खत काढलं, ओंजळ ओंजळ. एखादं गांडूळ निघालं की पुन्हा आत सोडायचं. मांजी वाकून बघत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःचा हात खतात घातला, नाकाशी नेला. "मातीच झाली की गं," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लहान मुलीचं नवल होतं.

पण त्यांनी अट घातली. "चातुर्मासात हा उघडायचा नाही. पावसात जीव जास्त असतात. वरून टाक काय टाकायचं ते, पण चार महिने आत हात घालायचा नाही, खालवर करायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. परतताना सिंधू करवादली, "विमलबाई, पानी जोरनं उनं तं काय करशी? चार महिना खालवर करं नही तं सडी जाई बठ्ठं."

"बघू तेव्हाचं तेव्हा," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मारवाडी गल्लीतून सात बादल्या बाहेर आल्या.

काय सुरेख बादल्या होत्या त्या! कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. वासच नसायचा. आठम-चौदशीला हिरवी भाजी वर्ज्य, त्या दिवशी बादली जवळजवळ रिकामी. आम्हाला तिथी बघायला कॅलेंडर लागायचं नाही. पुढची काही वर्षं फार चांगली गेली. चातुर्मासात आम्ही खड्ड्यांना हात लावायचो नाही. कोरडा पाला आणि लाकडाचा भुसा भरपूर टाकला की निभायचं. दिवाळीनंतर पहिला खड्डा उघडायच्या दिवशी मांजी खुर्ची मागवून शेजारी बसायच्या, हिवाळ्याचं कोवळं ऊन अंगावर घेत. मला माझ्या पोरीच्या लग्नाचं विचारायच्या, स्वतःच्या माहेरच्या वाळूच्या, उंटांच्या गोष्टी सांगायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. खड्ड्याच्या कडेला मांजींशी बोलत हाताने खत काढायची ती सकाळ मी आजही कशाच्याही बदल्यात परत घेईन.

आता संवत्सरीबद्दल सांगायला हवं, कारण ज्यांच्या घरी ती नसते त्यांना कळणार नाही. श्रावण संपता संपता जैनांचे पर्युषणाचे आठ दिवस येतात. काहीजण आठही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढतात. मांजी या वयातही काढायच्या. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्यानंतर जो भेटेल त्याला हात जोडून म्हणायचं, "खमत खामणा." वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत तुला काही लागलं असेल तर मला माफ कर. समोरच्यानेही हात जोडून तेच म्हणायचं.

पहिल्या वर्षी मांजी गल्लीत माझ्या गाडीपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडले. मी मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतायत ते. मागे कोणी नव्हतं. मी बौद्ध घरातली, त्यात कचरेवाली. पाणी मागितलं तर काही घरी अजूनही बाटली हातात देत नाहीत, ओट्यावर ठेवून आत जातात. मला त्याची सवय होती, राग मी गिळलेला होता. पण एवढ्या मोठ्या घरच्या म्हाताऱ्या बाईने माझ्यापुढे हात जोडून माझी माफी मागावी, याची मला सवय नव्हती. माझे हात खरकट्याने माखलेले. तसेच जोडले. घरी जाऊन मी पोटभर रडले, आणि का रडते ते घरात कोणाला सांगता आलं नाही. त्यानंतर दरवर्षी मी तो दिवस मनात धरून असायचे.

मग ते वर्ष आलं. पाऊस थांबायचं नावच घेईना. पत्रा एका ठिकाणी गळत होता हे आमच्या लक्षात आलं तोवर दोन नंबरचा खड्डा पाण्याने भरला होता. आत हवा उरली नाही की खत होत नाही, नुसतं कुजतं. त्या कुजण्याचा वास सांगण्यासारखा नाही. पाला टाकला, भुसा टाकला, काही उपयोग होईना. लोक नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडू लागले. याला औषध एकच, सगळं खालवर करून हवा द्यायची. पण चातुर्मास चालू होता, पर्युषणही लागलं होतं, आणि मांजींचे उपवास सुरू होते.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याचे निरीक्षक मोटारसायकलवरून आले. खड्ड्यापासून दहा पावलांवरच थांबले. "तक्रार आली आहे," म्हणाले. "संध्याकाळी मी परत येतो. वास गेलेला नसला तर उद्या जेसीबी लावून चारही बुजवून टाकतो. लोकांच्या तब्येतीशी खेळ नको." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तो गेल्यावर सिंधू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आते उघडनंच पडी, विमलबाई."

"मांजींना शब्द दिलाय."

"मंग जा, सांग तिले. समोरच तं घर शे."

इथे माझं चुकलं. सिंधूचं म्हणणं बरोबर होतं. मांजींचं घर पन्नास पावलांवर होतं. मी जाऊन सांगायला हवं होतं की मांजी, असं असं झालंय, आता काय करू? त्यांनी कदाचित मुलाला सांगून दोन दिवसांची मुदत मिळवली असती. दोन दिवसांत हाताने करता आलं असतं. कदाचित नाही म्हटलं असतं, आणि खड्डे गेले असते. काय म्हटलं असतं ते मला कधीच कळणार नाही, कारण मी गेलेच नाही. मला भीती वाटली, की मी शब्द मोडायला निघाले हे त्यांना कळलं तर मांजी पुन्हा माझ्यापुढे हात जोडणार नाहीत. मी सिंधूला म्हटलं, "दुपारी त्या स्थानकात, महाराजांच्या प्रवचनाला जातात. तेव्हा उघडू."

दुपारी मांजी आणि सून रिक्षाने गेल्या. गल्लीतली बाकीची माणसंही स्थानकात, आणि इतरांची दारं-खिडक्या वासामुळे बंदच होती. आम्ही गोणपाट काढलं. खाली सगळं कुजलेलं, म्हणून झाडून सारी गांडुळं वर आली होती, वरच्या वीतभर थरात, एकमेकांत गुंतलेली, हवेसाठी धडपडत. संध्याकाळपर्यंत हाताने होण्यासारखं नव्हतं. मी फावडं उचललं. पहिला घाव तिथेच पडला जिथे ती सगळी होती. दुसराही. सिंधू, जी कशालाही घाबरत नाही, ती तोंड फिरवून म्हणाली, "अरे देवा, बठ्ठा मरी ऱ्हायनात वं." मी थांबले नाही. तळापर्यंत खालवर केलं, भुसा मिसळला, पाणी काढलं. तास-दीड तासाने वर पुन्हा पाल्याचा जाड थर दिला, गोणपाट टाकलं, फावडं धुऊन ठेवलं. मांजी परत आल्या तेव्हा मी रस्ता झाडत होते.

संध्याकाळी साहेब आले, वास घेतला, "बरं आहे आता," म्हणून गेले. खड्डे वाचले. सिंधूने घरी जाताना दोघींसाठी भजी घेतली. मला एकही खाववली नाही.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मांजी आल्या. आठ उपवासांनी अंगात काही उरलं नव्हतं, सुनेने दोन्ही दंड धरले होते. मला वाटलं, दरवर्षीसारखं दोन शब्द म्हणतील आणि जातील. पण त्या म्हणाल्या, "विमल, यंदा मला नुसतं म्हणायचं नाही. खरंच मागायचं आहे. ती तक्रार आमच्या घरातून गेली."

मी हातातली बादली खाली ठेवली.

"उपवासात मला वास सोसला नाही बाई. मीच चिडचिड केली, म्हणून मुलाने फोन केला. मग कळलं की साहेब आला, तुला बोलला. उघडायचं नाही म्हणून अट माझी, आणि वास आला म्हणून तक्रारही माझी. बोलणी मात्र तू खाल्लीस. त्या जीवांसाठी एवढं ऐकून घेतलंस, वरून नुसता पाला-भुसा टाकून वास घालवलास, पण शब्द मोडला नाहीस." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "खमत खामणा."

सांगायची वेळ तीच होती. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा चूक मोठ्या घराची होती आणि माफ करणारी मी होते. ते मला सोडवेना. मी म्हटलं, "असू द्या मांजी, मनात ठेवू नका." आणि मग हात जोडून मीही म्हटलं, "खमत खामणा." यात आपलंही आलंच, असं मी मनाची समजूत घातली. मांजींनी माझे हात आपल्या हातात घेतले.

त्यानंतर त्या दोन वर्षं होत्या. माझ्यावर त्यांचा जीव आणखीच जडला. जो पाहुणा येईल त्याला खड्ड्याशी घेऊन यायच्या. "ही विमल. साहेबाची बोलणी खाल्ली पण शब्द मोडला नाही." पाहुणे कौतुकाने बघायचे आणि मी खाली बघून खत चाळायचे. सिंधू माझ्याकडे बघायची आणि गाडी धुवायला निघून जायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. पण प्रत्येक कौतुकासरशी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. दोन संवत्सऱ्या आल्या आणि गेल्या. दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

एका हिवाळ्यात, भरताच्या दिवसांत, मारवाडी गल्लीतून सकाळी एकही बादली बाहेर आली नाही. सातही घरी चूल पेटली नव्हती. आरोळी द्यायला उघडलेलं तोंड सिंधूने मिटलं. आम्ही गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली. बाहेर पुरुषमंडळी जमली होती. कोणी सांगायची गरज नव्हती. मी तिथेच रस्त्यावर बसले.

खड्डेही पुढे फार वर्षं राहिले नाहीत. नव्या कमिटीला चालायला ट्रॅक हवा होता. त्यात कोणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. आता तिथे रंगीत फरश्या आहेत, कडुलिंब तेवढा ठेवलाय. मला त्या कामाची फार आठवण येते. लोक हसतात, पण येते. तयार खताचा तो पाऊस पडून गेल्यासारखा वास, सातची आरोळी, सिंधूची बडबड, सगळ्याची येते. सिंधू आता धुळ्याला मुलाकडे असते. फोनवर आम्ही सगळं बोलतो, त्या दुपारबद्दल मात्र नाही.

गेल्या संवत्सरीला मी ठरवून मांजींच्या घरी गेले. सूनबाईंचेही केस आता पांढरे झालेत. त्यांनी मला आत, सोफ्यावर बसवलं. मी सगळं सांगितलं, फावड्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसल्या. "अहो विमलताई, एवढंच ना? मांजी जुन्या वळणाच्या होत्या. एवढ्या पावसात तुम्ही तरी काय करणार? माफ, माफ. चहा घ्या." मनाने चांगली बाई आहे, तिने खरंच माफ केलं. चहाही चांगला होता. पण घराबाहेर पडले तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं होतं तिथेच होतं. ज्या गोष्टीची माफी मला हवी होती, ती द्यायचा हक्क तिच्याकडे नव्हताच.

म्हणून इथे लिहिते. हे वाचायला त्या नाहीत, हे मला कळतं. पण आत ठेवून ते कुजतंय, आणि कुजणाऱ्याला हवा द्यावी लागते, एवढं तर मला या कामाने शिकवलंच आहे.

मांजी, तो खड्डा मी उघडला होता. पर्युषणात, भरदुपारी, तुम्ही स्थानकात असताना, फावड्याने. तुमचं घर पन्नास पावलांवर होतं आणि मी विचारायला आले नाही.